दगड होता तसा ठेव

ओढ्यातला दगड उलटून पाहिला आणि तसाच टाकून दिला, तर बाईंच्या तोंडून जे निघे ते विद्यापीठाच्या कुठल्याच अभ्यासक्रमात बसणारं नव्हतं. पहिल्याच दिवशी ते माझ्या वाट्याला आलं. "कुणाच्या घराचं छप्पर उचललंस, आत डोकावलास आणि निघालास? होता तसा ठेव!" मी निमूटपणे परत पाण्यात उतरलो. दगडाच्या पोटाला चतुराच्या अळ्या, गोगलगायी आणि कसलीशी अंडी चिकटलेली होती. त्या बिऱ्हाडावर मी हलक्या हातानं छप्पर घातलं.

विद्यापीठाचं ते पाण्यातल्या जिवांच्या अभ्यासाचं केंद्र महाळुंग्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. दोन खोल्या, मागे रान, समोर ओढा. बाई तिथल्या प्रमुख. आम्ही विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'ओढ्याच्या बाई' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. आता तिथे कुलूप आहे. मी नोकरी करतो त्या कंपनीची बस रोज तिथल्या फाट्यावरून जाते, तेव्हा मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो.

केंद्रावरचा चहा ओढ्याच्याच पाण्याचा. एकदा एक बडे पाहुणे कप हातात धरून घुटमळले. बाई फटकन म्हणाल्या, "ज्या पाण्यावर आपण निबंध लिहितो ते प्यायची भीती वाटत असेल, तर लिहावं तरी कशाला?" पाहुण्यांनी डोळे मिटून चहा घशाखाली घातला. केंद्राचे रखवालदार सोपानकाका तोंडाला उपरणं लावून हसत होते.

मग वरच्या उतारावर शेड उभ्या राहिल्या. आत काय चालतं ते कुणी सांगेना, फाटकावर पाटी नाही. बाई ओढ्यात उतरणाऱ्या सांडपाण्याच्या तक्रारी करत राहिल्या. हो-हो म्हणणारे सगळे, येणारं कुणी नाही. त्या वर्षी पावसाळा सरला, पण ओढ्यावर बेडूक ओरडले नाहीत. खंड्याची बसायची फांदी रिकामी पडली. बाईंचं आम्हाला रागावणंही कमी झालं, आणि खरं सांगतो, त्या गप्प बसल्या की मला धडकीच भरायची.

दिवाळीनंतर एका सकाळी सोपानकाका धावतच आले. "बाई, चला बघायला! वढा कसा आरशावानी झालाय. जलमात आसलं पानी न्हाई बघितलं!"

खरंच, तळाची वाळू न् वाळू दिसत होती. आम्ही हरखलो, पटापट फोटो काढले. मी तर म्हणालो, "बाई, तक्रारींना फळ आलं! पाणी सुधारलं." आयुष्यात इतकं खुळं वाक्य मी दुसरं बोललो नसेन.

बाई काठावरच उभ्या होत्या. हातातला चहा त्यांनी तोंडाला न लावता मातीत ओतला. "अरे, जिवंत पाणी कधी इतकं स्वच्छ असतं का? त्यात शेवाळ असतं, किडे असतात, एकमेकांची घाण असते. नांदत्या घरात पसारा असतोच." मग त्या ओढ्यात उतरल्या. एक दगड उचलला, पाहिला, जपून ठेवला. दुसरा उचलला. तिसरा. प्रत्येकाचं पोट धुतल्या ताटासारखं लख्ख होतं. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं, कळलंच नाही.

शेवटचा दगड बाईंच्या हातून सुटला की त्यांनी सोडला, मला सांगता येणार नाही. तो उताणा पडला. बाई वळल्या आणि काठाकडे चालू लागल्या. सवयीनं मी पुढे झालो, दगड नीट ठेवायला वाकलो.

"राहू दे," बाई मागे न बघता म्हणाल्या. "आत आता कुणी राहत नाही."