तिरडीवरून उठलेला दत्तू

“दत्तू गेला,” असं फोनवर कळलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “पुन्हा?” … सगळा उन्हाळा तो फिल्मसाठी आमच्या खांद्यावर मरत होता. खोडाळ्याच्या बाजारातून परतताना त्याच्या छातीत कळ आली, आणि या वेळी मात्र तो उठला नाही.

जव्हारची जुनी माणसं एक गोष्ट सांगतात. संस्थानच्या काळात स्मशानात नेलेला एक माणूस तिरडीवर उठून बसला. पण मेलेल्याने उंबरा ओलांडायचा नसतो म्हणे. गावाने त्याला परत घेतलं नाही, बायकोनेही दार लावलं आणि उरलेलं आयुष्य त्याने माळावर भूत म्हणून काढलं. गावातल्याच एका मुलीने यावर फिल्म करायला घेतली. नट आम्ही गावकरीच. मी खांदेकरी. तिरडीवर झोपायला कोणी धजेना, तेव्हा एसटीतून निवृत्त झालेला हा आमचा कंडक्टर दत्तू पुढे आला. “खोट्या मरणाने आयुष्य वाढतं रे,” म्हणाला. कसलं वाढतं, कपाळ!

बायकोचं काम सुमनवहिनींना, त्याच्याच बायकोला दिलं होतं. आत उभं राहायचं आणि दार उघडायचं नाही, एवढंच. दत्तू कडी वाजवायचा, फिल्ममधलं नाव विसरून “सुमन, मी जिवंत आहे गं” म्हणायचा, की वहिनी दार उघडून मोकळ्या. आम्ही वैतागलो.

“ते हाक मारतात नि मी आत उभी राहू? मला नाय जमायचं.”

शेवटी वहिनींना बाहेर आमच्यात बसवलं आणि रिकाम्या घराच्या दारावर तो प्रसंग उरकला. आत कोणी नाही हे ठाऊक असूनही दत्तू असा रडला, की मला बघवेना.

खरी तिरडी उचलताना आम्ही सगळेच जरा थांबलो. मला दत्तूचा फार राग आला होता.

परवा संध्याकाळी शाळेच्या सभागृहात फिल्म दाखवली. वहिनीच म्हणाल्या होत्या, “लावा. मला त्यांना बघायचंय.” पडद्यावर दत्तू कडी वाजवू लागला, सुमन, सुमन म्हणू लागला… आणि वहिनी उठल्या. खुर्च्यांमधून वाट काढत पडद्यापाशी गेल्या, आमच्याकडे वळल्या.

“बघताय काय नुसते? घ्या ना त्यांना आत!”

तोवर दत्तू पाठ फिरवून माळाकडे चालू लागला होता.