हाळी कुठवर गेली

सुंदराक्काला हळू बोलता येत नव्हतं. कानात सांगायची गोष्टसुद्धा ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी सांगायची. सकाळी दारात उभी राहून ती हाळी घालायची, "चला गं ऽऽऽ!" की तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बायका भाकरी बांधून घराबाहेर पडायच्या. कोल्हापूरच्या त्या वस्तीत घड्याळं नव्हती असं नाही. पण घड्याळाकडे दुर्लक्ष करता येतं.

मी पहिल्यांदा वखारीच्या फाटकात संघटनेची पत्रकं वाटायला गेले, तेव्हा तिनेच मला अडवलं. "ए पोरी, नुसती हातात कोंबतीस काय? वाचून दाव की!" मी घसा खाकरून सुरू केलं, "कष्टकरी भगिनींनो, शोषणाच्या चरकात पिळून निघणाऱ्या..."

"चरक गुऱ्हाळात असतोय, बाई. ह्यो तंबाखू हाय. तुझं पत्रक तिकडं उसाकडं न्हे."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला राग आला, आणि दुसऱ्या दिवशी मी नवा मजकूर घेऊन तिच्याच दारात गेले. पुढे छापायला टाकण्याआधी प्रत्येक पत्रक तिला वाचून दाखवायचं असं ठरूनच गेलं. 'शोषण' हा शब्द तिने कधी पास केला नाही. म्हणायची, "खकाणा लिव्ह. खकाणा म्हटलं की नाकाला कळतंय."

तंबाखू कुटून चाळताना जी बारीक, तिखट पूड उडते तो खकाणा. आक्का चाळणीच्या खोलीत बसायची. खोलीच्या खिडक्या कायम बंद, का तर वाऱ्याने माल उडतो. माल उडू नये म्हणून तो बायकांनी छातीत साठवायचा! मी तावातावाने हे बोलत सुटले की आक्का एवढंच म्हणायची, "खकाण्याला मालक न्हाई, आन् मालकाला खकाणा न्हाई. हाय काय त्यात एवढं वरडाय?"

मग तिची हाळी मधेच तुटायला लागली. "चला" निघायचं, "गं" दुसरीच कुणीतरी पुरं करायची. वखारीपर्यंत चालताना ती वाटेत उगीचच कुणाच्या तरी दारात थांबून चौकशा करायची. चौकशा कसल्या, दम खायची. वखारीच्या मुनीमजींनी जाहीर करून टाकलं, "म्हातारीला क्षय झालाय. उद्यापासून येऊ नको." ज्यांना ती रोज हाळी घालायची, त्या बायकांनीही तिचा तांब्या बाजूला काढला. ते तिला फार लागलं.

तिची मागणी साधी होती. वखारीच्या अंगणात उघड्यावर देठ काढायचं काम चाले, तिथं तिला बसवावं. काम सोडून घरी बसायचं नाही, आणि खकाण्यातही नाही. मुनीमजी म्हणाले, डॉक्टरांचा कागद आणा.

थुंकीच्या तपासणीत क्षय निघाला नाही. मग मोठ्या दवाखान्यात आम्हाला फुंकायच्या तपासणीला पाठवलं. पाण्याच्या टाकीत उलटा ठेवलेला डबा, त्याला जोडलेली नळी. नळीत फुंकलं की डबा वर जायचा आणि एक लेखणी कागदावर रेघ ओढायची. नाकाला लावायचा चिमटा आक्काच्या मोरणीवर बसेना. "दागिना काढा," तंत्रज्ञ म्हणाला. "ही लहानपणी सोनारानं बसीवलीय. काढायची तर नाक काढाय लागंल," आक्का म्हणाली. शेवटी मीच तिचं नाक दाबून धरलं.

तिने गाल फुगवून फुंकलं. फू, फू, फू. जन्मभर चुलीपुढे बसून फुंकणी वापरलेली बाई, दुसरं काय करणार? "आजी, चूल नाही पेटवायची!" तंत्रज्ञ वैतागला. "श्वास भरून घ्या आणि एकदमच सोडा. संपेपर्यंत सोडत राहा." पुन्हा तेच, फू, फू. रुग्ण सहकार्य करत नाही, असं लिहून तो आम्हाला वाटेला लावणार होता. मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात आक्काने नळी बाजूला केली.

"म्हंजे हाळी घालायची व्हय? मग तसं सांग की, लेकरा."

तिने डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि नळीत हाळी घातली. आवाज आला नाही, पण तिची मान वर झाली, गळ्याच्या शिरा ताणल्या. रेघ थोडी चढली आणि आडवी झाली. तिने पुन्हा घातली. रेघ तेवढीच चढली.

"कुटवर गेली?" तिने विचारलं.

"निम्म्याच्याही आत," तो म्हणाला.

बाहेर पायरीवर ती दम खायला बसली. मग म्हणाली, "आजऱ्याकडं आमचं शेत वड्याच्या पल्याड. शेतातनं मी हाळी घातली की घरात आईला कळायचं, सुंदरी निगाली. ती तवा चुलीवर ठेवायची. आता वड्यापतूर बी जात न्हाई, बग."

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: क्षय नाही, फुप्फुसं बरीच निकामी, धुळीपासून दूर ठेवावे. खाली 'चुलीच्या धुराचाही परिणाम असावा' असंही लिहिलं. मुनीमजींनी नेमकी तेवढीच ओळ वाचली. "बघा, चुलीनं झालंय!" गरिबाच्या घरात चूल असते, हाही गरिबाचाच गुन्हा. पण अख्खा कागद मी बायकांना वाचून दाखवला होता. त्या फाटकात बसून राहिल्या, आणि आक्काला अंगणात जागा मिळाली. तांब्याही परत मिसळला.

थोडे दिवस ती उन्हात देठ काढत बसली. खोकला उतरला. मी विजयाचं पत्रक लिहायला घेतलं. आणि एका दुपारी बघते तर ती पुन्हा चाळणीवर.

तिच्या जागी मुनीमजींनी शेवंताला बसवलं होतं. शेवंता ओली बाळंतीण. पोराची झोळी त्याच खोलीत टांगलेली. आक्काने स्वतः तिला उठवून अंगणात नेऊन बसवलं होतं.

"आक्का, यासाठी भांडलो आपण?" मी ओरडले.

"तू माझ्यासाठी भांडलीस. त्या पोराला खकाणा द्या, असं म्या कवा म्हटलं?"

"मग दोघींसाठी भांडू!"

"भांड की. तवर चाळणीवर कुणी बसायचं?"

मुनीमजींना सगळं सोयीचंच होतं. पाऊस तोंडावर आला तेव्हा तिला दोन वाक्यंही सलग बोलता येईनात. आजऱ्याकडून भाऊ आला आणि तिला एसटीने घेऊन गेला. खिडकीतून ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. सुंदराक्काचं बोलणं ऐकू न येणं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

पुढच्या सोमवारी मुनीमजींनी शेवंताला आत जायला सांगितलं. ती उठली नाही. मग दुसरीला सांगितलं, तिसरीला सांगितलं. एकही बाई अंगणातून हलली नाही. आधी खिडक्या उघडा, म्हणाल्या. त्या दिवशी तंबाखूची चाळण बंद पडली. मी तशीच आजऱ्याची एसटी धरली.

दारात भाऊ बसला होता. त्याचं डोकं भादरलेलं होतं. त्याने पाणी दिलं आणि म्हणाला, "लांबनं आलाय, पावणं. काय काम हुतं आक्काकडं?"

"चाळण बंद पडली," मी म्हटलं. "तेवढंच सांगायचं होतं."

"चाळण व्हय?" तो म्हणाला. "घिऊन यायची की संगं. गावात बुरूड हाय आमच्या, नीट करून दिली असती."