राउटरने मलाच बाहेर काढलं

आज सकाळी माझ्या वायफाय राउटरला जोडलेल्या फोनांच्या यादीत वरच्या भाडेकरूचा फोन दिसला. मी पासवर्ड कोणालाही दिलेला नाही. कॉन्व्हेंटचं इंग्रजी पाठीशी आहे, म्हणून सेटिंग उघडून मीच त्याला बंद केलं.

लगेच माझ्याच संगणकाचं नेट बंद पडलं. राउटर दाद देईना. बार्शीटाकळीचा भाऊ पीकविम्याचा अर्ज भरायला शेजारी बसला होता आणि आज शेवटचा दिवस.

नाइलाजाने भाडेकरूलाच बोलावलं.

"काकू, तुमी मले बंदीच्या नाही, परवानगीच्या यादीत टाकलं. नेट आता फक्त मलेच आहे," म्हणाला, आणि स्वतःच्या फोनवरून सेटिंग दुरुस्त केलं. अर्ज गेला.

"सेटिंगचा पासवर्ड तुला कसा माहीत?"

"राउटरच्या डब्ब्याच्या बुडाशी लिहेल असते ना, काकू."

डबा माझ्या झोपायच्या खोलीत, कपाटावर आहे. हा तिथे आला कधी? तुम्हीच सांगा.