शांताचा फॉर्म

बायकोपासून मी काहीच लपवलं नाही, असं मी चारचौघांत सांगत आलो. खोटं आहे ते. ही एक गोष्ट तिलाही सांगितली नाही, मुलांनाही नाही — आणि आता तुम्हाला सांगायला बसलो, तर हात तीनदा चहाच्या कपाकडेच गेला.

भिंतीवरच्या फोटोपासून सुरू करू? त्यात मी अठरा वर्षांचा आहे. गळ्यात झेंडूचा हार, अंगात मागून आणलेला कोट. दिग्रसच्या आमच्या वस्तीनं माझा सत्कार केला होता. वस्तीतून कॉलेजात जाणारा पहिला पोरगा — तेही सरकारी शिष्यवृत्ती मिळवून! घरी येणारा-जाणारा फोटो बघतो, कौतुक करतो, मी हसतो. हसायची सवय झाली आहे. फोटोत उजव्या बाजूला एक मुलगी टाळ्या वाजवते आहे. ती शांता, माझी चुलतबहीण. खरं तर तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

शांता आणि मी एका घरात वाढलो, एका वर्गात शिकलो. छप्पन साली माझे वडील आणि काका — म्हणजे शांताचे वडील — नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्याबरोबर त्यांनी घरातले देव काढले. आठ दिवसांनी वस्तीची बैठक भरली, तीत काका बोलायला उभे राहिले. यापुढे कुठल्याही कागदावर जुनी जात लिहायची नाही, बौद्ध लिहायचं, असं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला — आणि मनापासून केला. त्या दिवशी ऊर कसा भरून आला होता, ते अजून आठवतं. मग?

मग अठ्ठावन्नचा उन्हाळा आला. आम्ही दोघंही मॅट्रिक पास झालो. एकूण गुणांत शांता पुढे. काकांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं — शिष्यवृत्ती मिळाली तर अमरावतीचं कॉलेज, नाहीतर फुलसावंगीचं स्थळ. ते दुष्ट नव्हते. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करून मुलीला वसतिगृहात ठेवणं त्यांना झेपणारं नव्हतं.

शिष्यवृत्तीचे फॉर्म शाळेच्या ऑफिसात द्यायचे, आणि ते यवतमाळला घेऊन जायचे शाळेचे क्लार्क, रहमानभाई. शांता सकाळीच फॉर्म देऊन आली होती. मी दुपारी गेलो. रहमानभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, माझा फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि जातीच्या रकान्यातल्या 'बौद्ध' या शब्दावर बोट टेकवलं.

"हे असं लिवशीन त फॉर्म वापस येते, बेटा. सवलत जुन्या जातीलेच हाय. शाळेच्या रजिस्टरात तुयं तेच हाय, तेच लिव. अन् शांताले बी सांग. मी सोमवारी यवतमाळले जाऊन राह्यलो."

त्यांनी दोन कोरे फॉर्म दिले. एक माझा, एक तिचा. सवलत जाईल हे तोवर वस्तीत कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मी तिथंच, टेबलाच्या कडेला उभ्या उभ्या फॉर्म भरला. जुन्या जातीचा तो शब्द लिहिला. अक्षर बिघडलं का? नाही. उलट छान आलं होतं.

शुक्रवार होता तो. पुढचे दोन दिवस दुसरा कोरा फॉर्म माझ्या भूगोलाच्या पुस्तकात पडून होता आणि शांता भिंतीपलीकडे होती. काय अडचण होती? तिला सांगायचं, तर मी काय लिहिलं तेही सांगावं लागणार — ती काकांना सांगेल, काका बैठकीत सांगतील, आणि हात वर करणारा नामा तो हाच का, असं लोक विचारतील. एवढीच भीती. एवढीच! रविवारी संध्याकाळी ती विहिरीवरून आली. डोक्यावरचा पाण्याचा गुंड उतरवायच्या आधीच तिनं विचारलं,

"नामा, गेलता ना तू शाळेत? माहा फॉर्म बराबर हाय ना रे?"

"बराबर हाय," मी म्हटलं.

ती हसली. पाण्याचे थेंब तिच्या कपाळावरून ओघळत होते. ते अजून दिसतात — आणि स्वतःची किळस येते. कोरा फॉर्म मी चुलीत घातला.

यादी लागली. माझं नाव होतं, तिचं नव्हतं. कारण कुठेच दिलेलं नव्हतं. घरात विषय निघाला तेव्हा मी म्हणालो, गणिताचे गुण बघतात. गणितात मला तिच्यापेक्षा तीन गुण जास्त होते. सगळ्यांना पटलं. शांतालाही पटलं. रहमानभाईंनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, तिला सांगितलं नव्हतंस का? सांगितलं होतं, पण ती बदलायला तयार झाली नाही — हे माझं उत्तर. त्यांचे डोळे भरून आले. त्यानंतर शांता समोर आली की ते खुर्चीतून उठून उभे राहायचे. का, ते तिला कधी कळलं नाही.

आणि खरंच सांगितलं असतं, तर तिनं बदललं असतं? कोण जाणे. पण ते ठरवायचं तिनं होतं, मी नाही. पुढे दोन-तीन वर्षांत राज्यानं बौद्धांनाही सवलत दिली. तोवर शांता फुलसावंगीला सासरी होती, कडेवर मूल होतं.

मास्तर झाल्यावर मी एकदा तिच्याकडे गेलो. पासष्ट साल असेल. अंगणात सात-आठ पोरं पाट्या घेऊन बसली होती. शेतातून आल्यावर ती त्यांना गणित शिकवायची. मला बघून पोरांना म्हणाली,

"हा माहा भाऊ. गणितात हुशार होता, म्हून कॉलेजात गेला. माहं गणित कच्चं, म्हून मी राह्यली. तुमचं मले कच्चं राहू द्याचं नाही."

मी पोरांच्या पाट्या तपासल्या. त्यांना शाबासकी दिली. तिनं वाढलेली भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली — पोटभर खाल्ली — आणि संध्याकाळच्या एसटीनं परतलो.

शांता अजून आहे. तिला कमी दिसतं, पण कान चांगले आहेत. सांगितलं तर ऐकू येईल. मी सांगायला गेलेलो नाही. आणि मला तीन गुण जास्त मिळाले त्या पेपरातली गणितं — ती सगळी आदल्या आठवड्यात मला तिनंच समजावून दिली होती.