सप्रेसर आणि विश्वाचं चुंबकक्षेत्र

आमच्या खात्यात संशोधन सावकाश चाले आणि किस्से भराभर होत. श्रेय आमच्या प्रमुखांचं, डॉ. सप्रेसरांचं. एकोणीसशे साठचं दशक उताराला लागलं होतं. संस्था बेंगळूरला, मल्लेश्वरमच्या बाजूला. मी पुण्याहून आलेला, तर माझी सहकारी वत्सला घाटगे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरची. बाकी सगळे सरांचे होयबा.

आकाशाच्या सगळ्या बाजूंनी एक मंद किरणोत्सर्ग येतो, विश्वाच्या बालपणापासून उरलेला, अशी बातमी परदेशातून आली. सर म्हणाले, "यंत्र नीट पुसलं नसेल." पुढे जगाने ते मान्य केलं, तेव्हा सर म्हणाले, "मी तेव्हाच म्हणालो होतो." काय म्हणाले होते, ते कुणी विचारलं नाही.

वत्सलाला एक कल्पना सुचली. विश्वभर एकाच दिशेचं चुंबकक्षेत्र पसरलेलं असेल, तर विश्व सगळ्या दिशांना सारखं फुगणार नाही. मग तो किरणोत्सर्ग एका दिशेला किंचित उबदार दिसेल, दुसऱ्या दिशेला किंचित गार. तिने फळाभर गणित मांडलं आणि म्हणाली, "सर, स्वल्प इकडे बघा."

"'स्वल्प' कानडीत. मराठीत 'जरा'," सर म्हणाले. "आधी मराठी सुधारा, घाटगेबाई." आणि फळ्याकडे न बघता जेवायला गेले. वत्सलाने फळ्यावरचं गणित वहीत उतरवून घेतलं.

आकडेमोडीचं यंत्र खात्यात एकच, तेही सरांच्या खोलीत. वत्सलाने मागितलं, तर सर म्हणाले, "वापरून झिजेल." ते झिजू नये म्हणून सर त्यावर टोपी ठेवत. वत्सलाने सगळं गणित लॉगची कोष्टकं बघून हाताने केलं.

मग एक परदेशी पाहुणे आले. त्यांच्यापुढे तीच कल्पना सरांनी 'आमची' म्हणून सांगितली. पाहुण्यांनी साधा प्रश्न विचारला, "मग उबदार दिशा कोणती? क्षेत्राच्या रेषांना धरून, की त्यांना आडवी?"

"दोन्ही," सर म्हणाले.

मागच्या रांगेतून वत्सला म्हणाली, "रेषांना धरून. तिकडे विश्व कमी ताणलं जातं." पाहुण्यांनी उठून खडू तिच्या हातात दिला. सर कॉफी बघायला बाहेर गेले, ते व्याख्यान संपल्यावरच आले.

शोधनिबंध छापायला निघाला. वर नावं दोन: आधी सप्रे, मग घाटगे. मी सरांना कारण विचारलं. "वर्णानुक्रम," सर म्हणाले. घरी जाऊन मी मुळाक्षरं पुन्हा म्हणून पाहिली.

"भांडायचं नाही का?" मी वत्सलाला विचारलं.

"आत्ता नको. निबंध अडवून ठेवतील," ती म्हणाली. आवाज शांत होता, पण हातातली पेन्सिल मोडली होती.

सर निवृत्त झाले, त्या दिवशी मोठा सत्कार झाला. हार, शाल, भाषणं. सरांच्या मोठेपणाला मोजमाप नाही, असं प्रत्येकाने सांगितलं. शेवटी सरांनीच वत्सलाला बोलायला उठवलं.

ती म्हणाली, "विश्वातलं ते चुंबकक्षेत्र अजून कुणाला सापडलेलं नाही. पण किरणोत्सर्ग सगळीकडे जवळजवळ सारखाच दिसतो, त्यावरून एक गोष्ट सिद्ध होते. एखाद्या गोष्टीचा मोठेपणा मोजता आला नाही, तरी तो कितीच्या वर असूच शकत नाही, हे नक्की सांगता येतं. सरांच्या हाताखाली राहून मी हे शिकले."

पहिली टाळी सरांनी वाजवली.