डोंग्याच्या नाकाची पाठवणी

तिरोड्याला रेल्वेतून उतरले. भाची सुजाता टेम्पो घेऊन आली होती आणि मागे डोंग्याचं (मासेमारीची लहान होडी) नाक बांधलेलं होतं. नुसतं नाक! माझी बॅग त्याच्याच पोकळीत बसली.

सुजाता जुन्या प्लास्टिकचे तीन तुकड्यांचे डोंगे बनवते. नाक, पोट आणि शेपूट, बोल्टने जोडलेले. एक तुकडा फुटला की तेवढाच बदलायचा आणि फुटका वितळवून त्याचा नवा करायचा.

"फुटके परत आले नाहीत ना मावशी, तर मी नुसता नवा कचराच बनवतेय," ती म्हणाली. पहिला फुटका तुकडा आज परत मिळायचा होता. ती रस्ताभर त्याच काळजीत. मी मात्र दुतर्फा हिरव्यागार बांध्या (भातखाचरं) बघत मजेत होते.

बोदलकसा तलावाच्या काठी सुकरामकाका आणि जनाबाई हे मासे धरणारं जोडपं वाट बघत होतं. लाखोळीच्या डाळीचे गरम वडे पुढे आले. मी लाज न बाळगता पुन्हा पुन्हा घेतले. तोवर नवं नाक डोंग्याला बसलंही. जुन्यावर हळदकुंकवाचे पट्टे होते आणि काका त्याच्यापुढे आडवे उभे.

"हे नाई देनार."

"काऊन, काका?" सुजाताने कारण विचारलं.

"पूजलं हाय. पूजलेलं भंगारात कायले देऊ? मोहाच्या झाडाखाली पडून राहू दे."

सुजाताचा चेहरा उतरला. वजन, बोल्ट, तरंगणं, सगळ्याचा विचार तिने केला होता. कुंकवाचा राहिला होता. मला तिचं वाईट वाटलं, आणि काकांचंही पटत होतं.

जनाबाईंनी विचारलं, "हे वितळवून काय होते?"

"दुसऱ्या डोंग्याचं नाकच, काकू."

"तं मंग भंगार काऊन मनता? लेक सासरी जाऊन राहिली मना."

आत जाऊन त्यांनी तांदूळ, नारळ आणले आणि त्या फुटक्या नाकाची ओटी भरली. काका डोळे पुसत बाजूला झाले. "कोनाच्या घरी गेली ते सांगजो मात्र," जनाबाईंनी बजावलं.

परतताना टेम्पो चिखलात रुतला. ढकलताना माझी चप्पल तुटली, पण त्या दिवशी मला कशाचाच राग येत नव्हता.

कारखान्यात सगळं प्लास्टिक एकत्रच वितळतं. सुजाताने मात्र यंत्र रिकामं करून ते नाक एकटंच घातलं.

"वीज वाया गेली की गं!" मी चिडवलं.

"जाऊ दे. जनाबाईंना काय सांगू मग?"

मी तृप्त मनाने घरी आले. नंतर सुजाताचा फोन आला. नवं नाक चोरखमारा गावातल्या एका घरी गेलं होतं. तिथल्या बाईंनी त्याला कुंकू लावलं आणि विचारलं, "हे फुटलं तं कोनाच्या घरी पाठवाचं?"