बेडूक न खाणारा साप

आमच्या शाळेच्या पटावरची पोरं दरसाल कमी होतात आणि किस्से वाढतात. पोरं दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत जातात. किस्से कुठं जात नाहीत, इथंच बाकावर बसून राहतात. आता सांगतोय त्यात थोडं मीठ माझं आहे, पण डाळ शाळेचीच.

शाळा कर्नाटकातल्या औरादजवळच्या एका गावात. एकाच आवारात दोन माध्यमं, अर्ध्या खोल्या मराठी, अर्ध्या कन्नड. मी गणित शिकवतो. विज्ञानाला यंदा अतिथी शिक्षिका आल्या, अनिता म्याडम. अतिथीची नेमणुकीची ऑर्डर एका वर्षाची. त्यातही तक्रार आली की मधेच घरी. म्याडमच्या घरी आजारी आई आणि शिकणारा भाऊ, सगळं त्या ऑर्डरवर. अशा माणसानं गपगुमान पुस्तक वाचून दाखवावं की नाही? म्याडमनी पहिल्याच तासाला सांगितलं, "पुस्तकं मिटा. आज सगळे पक्षी व्हा."

*

तो चोचींचा खेळ. कुणाच्या हातात चिमटा, कुणाच्या चमचा, कुणाच्या आईची सांडशी. ही झाली चोच. जमिनीवर फुटाणे, चुरमुरे, दोऱ्याचे तुकडे पसरलेले. ज्याची चोच जशी, त्याला तसं खाद्य मिळणार. याला अनुकूलन म्हणतात.

शिट्टी वाजली. चिमटेवाला एकेक फुटाणा उचलायला लागला, चमचेवाल्याचे चुरमुरे वाऱ्यावर गेले, आणि बसू नावाचं आमचं एक रत्न दोन्ही हातांनी बकाबका खात सुटलं.

"बसू, तुझी चोच कुठाय?"

"म्याडम, मी माकड हाय."

मी दारातून बघत होतो; म्याडम माझ्याकडं बघायला लागल्या. चूक म्हणावं तर सगळ्यात जास्त पोट त्याचंच भरलेलं.

*

मग ध्रुवावरचं अस्वल. त्याच्या कातडीखाली चरबी असते, म्हणून त्याला थंडी लागत नाही. हे पटवायला म्याडमनी गोळेवाल्याकडून बर्फ आणून बादलीत टाकला. एक हात डालड्यानं भरलेल्या पिशवीत घालायचा, एक नुसता, आणि दोन्ही बादलीत बुडवायचे. गार लागलं की नुसता हात पोरं झटकन बाहेर काढतील, असा हिशोब.

पण म्याडम, ऑक्टोबरचं ऊन आमचं आहे! एकही पोरगं हात काढेना. डालड्याच्या पिशवीला तर कुणी शिवेना. शेवटी हेडसर "बघू काय चाललंय" म्हणत आले आणि मनगटापर्यंत हात घालून तास संपेपर्यंत तिथंच बसले.

"सर, झाला की प्रयोग," म्याडम म्हणाल्या.

"थांबा हो. मला अजून नीट समजलं न्हाई."

पोरांना मात्र समजलं होतं. वहीत सगळ्यांनी एकच लिहिलं: अस्वलाला बिचाऱ्याला गारवा मिळत नाही.

*

लपण्याचा खेळ झाला तेव्हा मी शत्रू होतो. सरडा जसा झाडासारखा होऊन बसतो, तसं पोरांनी आवारात असं मिसळून जायचं की शत्रूला दिसू नये. माती फासून भिंतीला चिकटलेले, पाल्यात बसलेले, सगळे मी शोधले. बसू सापडेना. टाकीमागं बघितलं, छतावर बघितलं. हेडसर तर विहिरीतही डोकावून आले.

इतक्यात कन्नडच्या वर्गातून मल्लण्णा मास्तर बाहेर आले. बसू त्यांच्या वर्गात बाकावर बसला होता. गणवेश तोच, कन्नड घरात बोलतातच. मास्तरांनी त्याला कविता म्हणायला उठवलं, त्यानं म्हटली, वर शाबासकीही घेतली.

"मी मिसळलो की म्याडम," बसू म्हणाला.

मल्लण्णा मास्तर म्हणाले, "पोरगं हुशार हाय. आमच्याच पटावर राहू द्या."

पोरगं सापडलं म्हणून हसावं की मराठीचा पट एकानं कमी होतोय म्हणून रडावं, हे हेडसरांना सुट्टी होईपर्यंत ठरवता आलं नाही.

*

आता अन्नसाखळी. गळ्यात पाट्या: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मागच्यानं पुढच्याच्या पाठीला शिवलं की खाल्लं. नाकतोड्यानं गवत खाल्लं, बेडकानं नाकतोडा खाल्ला. सापाची पाटी बसूच्या गळ्यात. तो हाताची घडी घालून उभा.

"बसू, खा की बेडकाला."

"न्हाई म्याडम. आमच्यात चालत न्हाई."

"अरे, नुसतं शिवायचंय. आत्ता तू साप हायस."

"साप झालो म्हणून काय झालं? घर तर तेच हाय की."

बेडूक कंटाळून म्हणाला, "खा ना रं लवकर. मला उकडायलंय."

"मला गवत करा म्याडम," बसू म्हणाला. हे ऐकून घारही म्हणाली, मलाबी गवत करा. तास संपला तेव्हा वर्गभर गवत होतं आणि मधे एकटा बेडूक, कुणी खाईल का म्हणून वाट बघत.

दुसऱ्या दिवशी बसूचे वडील शरणप्पा फाटकात उभे. औरादला त्यांचं खत-औषधाचं दुकान. बसवण्णांना मानणारं घर, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही.

"लेकराला बेडूक खायला लावलाव म्हणं?"

"अप्पा, त्यानं खाल्ला न्हाई."

"त्यो न्हाई खाल्ला. तुमी लावलाव का न्हाई?"

तक्रार तालुक्याला गेली. शिक्षण खात्याचे साहेब येऊन एक तास बघणार आणि ऑर्डर ठेवायची की रद्द करायची ते ठरवणार, असा निरोप आला. म्याडमनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

*

साहेब आले. शेजारच्या खुर्चीवर शरणप्पांना बसवलं. म्याडमनी साप-बेडूक सगळं काढून टाकलं होतं. सोपी साखळी: तूर, तुरीवरची अळी, अळी खाणारी चिमणी, चिमणी खाणारी घार. दहादा बजावलं होतं की फक्त हलकेच शिवायचं.

पोरी तूर होऊन ओळीनं उभ्या राहिल्या. अळ्या सरपटत निघाल्या. पहिली अळी अंबिकाच्या पायाशी पोचली मात्र, अंबिका ओरडली, "अगं, अळी पडली! फवारणी करा!"

अंबिकाच्या घरची तूरच असते. बाकीच्यांच्याही घरची तूरच असते. झालं, सगळ्या तुरीनं पाण्याच्या बाटल्या उघडल्या आणि अळ्यांवर फुर्रफुर्र मारायला सुरुवात केली.

"वारं पाठीवर घे, पोरी," शरणप्पा खुर्चीतून म्हणाले. "तोंडावर येतंय बघ."

अळ्या तडफडून मेल्या. चिमण्या थोडा वेळ हिंडल्या, मग खाली बसल्या.

"तुमी कामून बसलाव?" साहेबांनी विचारलं.

"खायला काय न्हाई साहेब," म्हणत चिमण्या आडव्या झाल्या. घारीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि तीही आडवी झाली. वर्गात फक्त तूर उभी, हातात बाटल्या घेऊन. म्याडम फळ्याला टेकल्या होत्या. मला वाटलं, गेली ऑर्डर.

साहेब शरणप्पांकडं वळले. "बोला अप्पा. तुमची तक्रार हाय. काय करायचं?"

शरणप्पांनी पडलेल्या पोरांवरून एकदा सावकाश नजर फिरवली. चेहऱ्यावर समाधान.

"तक्रार माघारी घेतो साहेब," ते म्हणाले. "आता बरोबर शिकवायलेत. कुणीच कुणाला खायलं न्हाई."